बकेट किती भरायची? लोडरच्या आकड्यांबद्दल अनुभवाचे बोल

असोद्याच्या शिवारात ट्रॅक्टर आता पुढूनही राबतो. पूर्वी त्याचं सगळं काम मागे असायचं: नांगर, वखर, पेरणीयंत्र, ट्रॉली. आता पुढे दोन भुजा आल्या, दोन जॅक आले आणि एक बकेट आली. मिरगाच्या आधी उकिरड्यातलं शेणखत ट्रॉलीत भरायला, उन्हाळ्यात तलावाचा गाळ रानात पसरायला, केळीची बाग मोडली की खोडं बांधाला लावायला लोडरच लागतो. जळगाव इथून जेमतेम पाच-सहा किलोमीटर. माणसं शहरात कामाला जातात आणि टोपली-फावड्याच्या कामाला मजूर मिळत नाही. त्यामुळे लोडर ही आता चैन राहिलेली नाही.

लोडर घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती उचलतो?’ आणि उत्तरही ठरलेलं, ‘टनभर उचलतो, भाऊ.’ या उत्तरावर लोक पैसे मोजतात आणि त्याच उत्तरावर ड्रायव्हरला कामाला लावतात. मला ते फार अपुरं वाटतं. वजन कुठे धरून उचललं, किती उंचीवर नेलं, कोणत्या ट्रॅक्टरवर आणि मागे काय बांधून, हे विचारल्याशिवाय त्या टनाला काही अर्थ नाही. लोडरवर काम करताना आणि दुसऱ्यांचे लोडर बघताना जे पक्कं कळलं, ते इथे क्रमाने लिहितो.

१. मागच्या लिफ्टचा आकडा पुढे लावू नये

ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकात ‘उचल क्षमता १,५०० किलो’ किंवा ‘१,६०० किलो’ असं ठळक छापलेलं असतं. तो आकडा मागच्या तीन पॉइंट लिफ्टचा. खालच्या दोन लिंकांच्या टोकाला ती लिफ्ट किती वजन उचलते, एवढंच तो सांगतो. आपल्याकडच्या ट्रॅक्टरांची चाचणी मध्य प्रदेशात बुदनीला, केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्थेत होते. आपल्या मॉडेलचा चाचणी अहवाल मिळवून जरूर वाचावा. त्यात मागच्या लिफ्टबद्दल बारकाईने दिलेलं असतं: लिंकांच्या टोकाशी किती आणि टोकापासून ६१० मिलिमीटर मागे वजन धरलं तर किती. दोन्ही आकडे सारखे नसतात, दुसरा कमी भरतो.

लोडरचे जॅक वेगळे, भुजा वेगळ्या आणि वजन पेलणारा एक्सलही वेगळा. ‘ट्रॅक्टर सोळाशे उचलतो, म्हणजे लोडर हजार तरी उचलेलच’ हा हिशेब असोद्यातच काय, जिल्हाभर ऐकायला मिळतो. त्याला कसलाही आधार नाही.

२. आकडा पिनवरचा आहे की बकेटमधल्या मालाचा, ते विचारा

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

भुजेच्या टोकाला जिथे बकेट पिनने अडकवतात, तिथे मोजलेली क्षमता नेहमी मोठी दिसते. माल मात्र पिनवर बसत नाही, तो पिनच्या पुढे, बकेटच्या पोटात असतो. म्हणून चांगले उत्पादक दोन आकडे देतात: एक पिनवरचा आणि दुसरा पिनच्या ५०० मिलिमीटर पुढचा. युरोपातले काही उत्पादक ८०० मिलिमीटरचाही देतात. एकच आकडा छापलेला असेल तर तो पिनवरचाच आहे असं धरून चालावं.

हिशेब करून बघू. जॅकचं बोअर ६० मिलिमीटर धरा. त्याच्या पिस्टनचं क्षेत्रफळ २८.२७ चौरस सेंटिमीटर होतं. प्रेशर दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो धरलं तर एका जॅकचा जोर ४,२४० किलो आणि दोन्हींचा मिळून जवळपास ८,४८० किलो. ऐकायला हा आकडा डोळे दिपवणारा आहे. पण जॅक भुजेला अगदी मुळाशी ढकलतो. भुजेच्या मुख्य पिव्होटपासून त्याच्या जोराची रेषा ३० सेंटिमीटरवर आहे आणि बकेटची पिन २२० सेंटिमीटरवर आहे असं समजा. मग ८,४८० ला ३० ने गुणून २२० ने भागायचं. उत्तर येतं साधारण १,१५६. यातून भुजांचं स्वतःचं वजन जायला हवं. भुजा २०० किलोच्या असतील आणि त्यांचं वजन मध्यावर धरलं, तर पिनवर राहतात साधारण १,०५६ किलो. फॅब्रिकेशनवाला ‘टनभर’ म्हणतो तो हा आकडा. तो खोटं बोलत नाही.

आता त्या पिनला बकेट लावा. बकेट १८० किलोची आणि तिचा भार पिनच्या ३५ सेंटिमीटर पुढे. माल त्याहून पुढे, पिनच्या ५० सेंटिमीटर पुढे. एवढं धरून पुन्हा हिशेब केला तर मालाच्या वाट्याला उरतात साधारण ६९० किलो. जॅक, पंप, ट्रॅक्टर काहीही बदललेलं नाही, तरी टनाचे सातशेसुद्धा राहिले नाहीत. जॅकमधलं आणि पिनांमधलं घर्षण अजून या हिशेबात धरलेलंच नाही.

बकेट काढून फोर्क लावले तर माल आणखी पुढे सरकतो आणि क्षमता आणखी घटते. जाड पत्र्याची भक्कम बकेट घेण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण बकेटचा प्रत्येक जास्तीचा किलो मालातून वजा होतो.

३. ‘पूर्ण उंचीवर’ हे शब्द शोधा

भुजा वर जाते तसा जॅकचा कोन बदलतो आणि त्याचा पल्लाही बदलतो. बहुतेक लोडर जमिनीलगत जेवढं उचलतात तेवढं अगदी वरच्या टोकाला उचलू शकत नाहीत. आपलं काम तर वरच असतं. ट्रॉलीचा फाळका ओलांडून बकेट पालथी करायची तर पिन माणसाच्या डोक्याच्या वर न्यावी लागते. जमिनीवरून माल झटकन उचलला गेला आणि फाळक्याच्या थोडं खाली येऊन अडला, की ड्रायव्हर रेस वाढवतो, इंजिन कुंथतं आणि बकेट जागची हलत नाही. यात लोडर बिघडलेला नसतो, त्या उंचीवर त्याची तेवढीच ताकद असते. म्हणून घेताना ट्रॉलीच्या फाळक्याची उंची टेपने मोजून न्यावी आणि त्या उंचीवर किती उचलेल ते विचारावं.

४. प्रेशर वजन उचलतं, ऑइलचा पुरवठा वेग देतो

पंपातून मिनिटाला जास्त लिटर ऑइल आलं तर बकेट भराभर वर जाते, पण जास्त वजन उचलत नाही. वजन उचलायची ताकद प्रेशर आणि जॅकचं बोअर यांवर ठरते. रेस वाढवून वजन उचललं जात नसेल तर रेस अजून वाढवून काहीही साधत नाही, ऑइल रिलीफ व्हॉल्व्हमधून परत टाकीत जातं आणि तापतं.

आपल्या हवामानाचाही इथे संबंध येतो. जळगावचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो. गाळ काढायचं काम नेमकं याच दिवसांत असतं, कारण तेव्हाच तलाव आटलेला असतो. तापलेलं ऑइल पातळ होतं. पंप किंवा जॅकचे सील झिजलेले असतील तर ते आतल्या आत निसटतं. सकाळी आठला जी बकेट सहज वर जाते तीच दुपारी दोनला रेंगाळते आणि वर धरून ठेवली तर हळूहळू खाली बसते. दुपारचं हे बसणं लक्ष देऊन बघावं, सील किती झिजले आहेत ते त्यातूनच कळतं. ऑइलची पातळी, फिल्टर आणि योग्य ग्रेड यांना उन्हाळ्यात टाळाटाळ नको.

रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळून ‘ताकद वाढवून देतो’ म्हणणारे कारागीर भेटतात. प्रेशर वाढतं हे खरं. पण त्या प्रेशरचा हिशेब होज पाइपांच्या, सीलच्या, भुजेच्या वेल्डिंगच्या आणि पुढच्या एक्सलच्या मापात कोणी बसवलेला नसतो. रिलीफ व्हॉल्व्ह हा लोडरवरचा सगळ्यात शहाणा भाग आहे. त्याला हात लावू देऊ नये.

५. उपटायचा जोर आणि उचलायचा जोर वेगवेगळे

बकेट ढिगात घुसवून मागे वळवताना जो जोर लागतो तो बकेटच्या जॅकचा. काही जण तो मोठा आकडा उचल क्षमता म्हणून सांगतात. घट्ट बसलेला मुरूम सोडवायला किंवा केळीचं खोड मुळासकट हलवायला हा जोर कामाचा आहे. तेवढंच वजन वर नेता येईल असं मात्र त्यातून निघत नाही.

६. बकेट मापाने एकच असते, वजनाने नाही

आपल्याकडे माल ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. समजा बकेट साडेपाच फूट रुंद, दोन फूट खोल आणि दोन फूट उंच आहे. कडेने बघितलं तर ती साधारण त्रिकोणी असते, म्हणून निम्मं धरायचं: ११ घनफूट, म्हणजे ०.३१ घनमीटर. काठोकाठ भरलेल्या नऊ बकेटांत एक ब्रास होतो.

या एकाच बकेटमध्ये वाळलेलं शेणखत साधारण १४० किलो बसतं. पावसात भिजलेलं खत अडीचशेच्या आसपास जातं. मुरूम किंवा ओलसर गाळ पाचशे ते सव्वापाचशे. ओली वाळू जवळपास ५९० किलो. वर शीग लावली तर आणखी पंधरा-वीस टक्के वाढतात आणि ओली वाळू सातशेला टेकते. वरच्या हिशेबातली ६९० किलोची मर्यादा तिथेच संपली.

म्हणून शेणखतावर हात बसलेला ड्रायव्हर मुरमावर गेला की त्याला थांबवून सांगावं लागतं. खताच्या कामात शीग लावली तरी चालते. केळीला आणि आमच्याकडच्या भरताच्या वांग्यांना शेणखत भरपूर लागतं, त्यामुळे वर्षातले कितीतरी दिवस बकेट शीग लावूनच फिरते आणि हाताला तीच सवय लागते. मृगबागेच्या तयारीत आज खत आणि उद्या बांधाचा मुरूम असं काम आलं की ती सवय अंगाशी येते.

गाळाबद्दल थोडं जास्त सांगतो. २०१७ साली राज्य सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. त्यानंतर गाळ वाहून नेण्याचं काम गावोगाव वाढलं. धरणात पोकलेन किंवा जेसीबी भरून देतो, पण शेतात टाकलेले ढीग पसरायला आणि बांधापलीकडे न्यायला ट्रॅक्टरचा लोडरच असतो. गाळ वरून वाळलेला आणि कोरडा दिसतो, आत मात्र लोण्यासारखा ओला असतो. त्याचं वजन डोळ्यांनी कळत नाही. पहिली बकेट अर्धी भरून उचलावी, मागची चाकं आणि स्टेअरिंग कसं वागतं ते बघावं आणि मग पुढचं ठरवावं.

७. जॅक उचलतो, पण ट्रॅक्टर सांभाळतो का?

लोडरचा आकडा जॅकच्या ताकदीचा असतो. ट्रॅक्टरच्या तोलाचा हिशेब त्याच्या पलीकडे उरतो आणि तो कोणत्याही पत्रकात छापलेला नसतो, कारण लोडर बनवणाऱ्याला तुम्ही तो कोणत्या ट्रॅक्टरवर बसवणार हे ठाऊक नसतं.

बैलगाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते, बैलांच्या मानेवरचं जू वर उठतं. लोडरमध्ये हेच उलट्या दिशेने घडतं. पुढचा एक्सल मधला टेकू होतो, पुढे बकेट, मागे ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन. पुढचं जड झालं की मागची चाकं हलकी होतात आणि शेवटी उचलतात.

४५-५० एचपीचा दोन हजार किलोचा ट्रॅक्टर धरू. पुढच्या एक्सलवर ८०० आणि मागच्यावर १,२०० किलो, दोन एक्सलांमध्ये १.९ मीटर अंतर. लोडरची फ्रेम आणि भुजा मिळून ३०० किलो, त्यांचा भार साधारण पुढच्या एक्सलवरच येतो असं समजू. त्याच १८० किलोच्या बकेटचा भार पुढच्या एक्सलच्या सव्वा मीटर पुढे आणि मालाचा १.४ मीटर पुढे. सपाट जमिनीवर, ट्रॅक्टर उभा असताना, बकेटमध्ये साधारण १,४७० किलो घातले की मागची चाकं टेकलेली राहणार नाहीत. मोठ्या व्हील लोडरच्या बाबतीत असं धरतात की मशीन उलटायला लागणाऱ्या वजनाच्या निम्मंच वजन कामाचं. तेच इथे लावलं तर ७३५ किलो होतात. तेही पक्क्या सपाट जागेवर. नांगरटीत, बांधावर, उतारावर त्याहून कमीच.

आता बकेटमध्ये ६०० किलो माल आहे असं धरून एक्सलांवर काय येतं ते पाहा. मागच्या एक्सलवर उरतात साधारण ६४० किलो. पुढच्यावर येतात २,४४० किलो, म्हणजे मूळच्या तिप्पट. जॅक मात्र कसलीही कुरकुर न करता उचलतो.

८. मागे वजन बांधा, आणि ते एक्सलच्या मागे बांधा

याच ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टवर ४०० किलोचा रोटाव्हेटर बांधला आणि त्याचं वजन मागच्या एक्सलच्या ९० सेंटिमीटर मागे पडतं असं धरलं, तर मागच्या एक्सलवरचे ६४० किलो वाढून साधारण १,२३० होतात. चारशे किलो बांधले आणि पाचशे नव्वद मिळाले. वरचे १९० किलो आले कुठून? पुढच्या एक्सलवरून. तो २,४४० वरून २,२५० वर येतो.

तेच चारशे किलो मागच्या चाकांत पाणी भरून किंवा चाकांना लोखंडी वजनं लावून घातले तर मागे बरोबर चारशेच वाढतात आणि पुढच्या एक्सलवरून एक किलोही कमी होत नाही. चाकात पाणी भरणं वाईट नाही, पण पुढचा एक्सल वाचवायचा असेल तर वजन मागे लोंबतं हवं. त्यासाठी वेगळा खर्चही लागत नाही. सहा फुटी रोटाव्हेटर किंवा पल्टी नांगर घरात असतोच. लोडरचं काम निघालं की तो मागे जोडायचा, जमिनीपासून वीतभर उचलायचा आणि चेकचेन घट्ट करायच्या. ‘रोटाव्हेटर उगाच ओढत कशाला न्यायचा?’ असं विचारणाऱ्याला मी वजनकाट्यावर घेऊन जातो.

९. जिनिंगच्या वजनकाट्यावर एकदा जाऊन या

जळगावच्या आसपास जिनिंग कमी नाहीत आणि कापसाचा हंगाम नसला तर काटा रिकामाच असतो. तिथे एक फेरी माराच. इतकं शिकवणारी दुसरी जागा मला माहीत नाही.

काट्याच्या फलाटावर फक्त मागची चाकं घ्यायची, पुढची बाहेर सपाट काँक्रीटवर. बकेट भरलेली आणि अगदी खाली, जमिनीपासून वीतभर. काचेच्या खिडकीआड लाल आकडे स्थिरावतात. मग लीव्हर हळूच ओढायचा. भुजा वर येते तशी बकेट आधी पुढे सरकते, कारण भुजा आडवी झाली की तिची पोच सगळ्यात जास्त असते. खिडकीतले आकडे उतरू लागतात. दहा-दहा, वीस-वीस किलोंनी ते खाली जातात आणि भुजा आडवी असताना सगळ्यात खाली येतात. त्याहून वर गेलं की बकेट पुन्हा थोडी मागे येते आणि आकडे सावकाश चढतात. इंजिनाचा आवाज तोच असतो, सीटवर बसलेल्याला काहीही जाणवत नाही. काट्याशिवाय हे दिसत नाही.

‘इंजन वढतं ना, मंग काहाले मोजतं?’ असं म्हणत आलेला एक शेजारी ते आकडे बघून गप्प झाला. दुसऱ्या फेरीला त्याने आपणहून मागे नांगर जोडायला लावला.

मग फक्त पुढची चाकं काट्यावर घ्यावीत आणि तोही आकडा लिहून ठेवावा. रिकामी बकेट, भरलेली बकेट, मागे अवजार असताना आणि नसताना. हे चार आकडे घरच्या वहीत असले की लोडरवाल्याच्या पत्रकाची फारशी गरज उरत नाही. मागच्या एक्सलवर एकूण वजनाचा किमान पाव हिस्सा तरी राहिला पाहिजे. वरच्या उदाहरणात अवजार नसताना तो एकवीस टक्क्यांवर आला होता, रोटाव्हेटर बांधल्यावर पस्तीस टक्के झाला.

१०. टू-व्हील ड्राइव्हचा पुढचा एक्सल एवढ्यासाठी बनलेला नाही

पुढचे ६.००-१६ किंवा ६.५०-१६ मापाचे टायर ट्रॅक्टरला दिशा द्यायला असतात. त्यांच्या कडेवर प्लाय रेटिंग छापलेलं असतं आणि टायर कंपनीच्या तक्त्यात कोणत्या हवेला किती भार चालतो ते दिलेलं असतं. काट्यावरचा पुढचा आकडा दोनने भागून त्या तक्त्याशी ताडून बघावा. बऱ्याच ट्रॅक्टरांत मर्यादा इथेच संपते: जॅक सातशे उचलतो, तोल सातशेचा आहे आणि टायर मात्र पाचशेलाच थकतो. सगळ्यात कमी आकडा ज्याचा, तोच लोडरचा खरा आकडा.

आमच्या काळ्या जमिनीत याची किंमत लगेच मोजावी लागते. जरा ओल असली की अरुंद पुढची चाकं रुततात, स्टेअरिंग जड होतं, किंगपिन आणि बेअरिंग झिजतात. फोर-व्हील ड्राइव्हचा पुढचा एक्सल जास्त दणकट आणि टायर रुंद असतात. रोज लोडरचंच काम असेल तर तोच ट्रॅक्टर घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षातून महिनाभर खत आणि गाळ एवढंच काम असेल तर टू-व्हीलवर लहान बकेट लावावी. मोठी बकेट लावून ‘अर्धीच भरू’ म्हणणं व्यवहारात टिकत नाही, संध्याकाळ झाली की ती पूर्ण भरली जाते.

११. ब्रेक मागच्या चाकांना असतात

हे सगळ्यांना माहीत असतं, पण लोडरच्या संदर्भात फार कमी लोक त्याचा विचार करतात. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. बकेट भरली की मागचं वजन निम्म्यावर येतं, म्हणजे ब्रेकची पकडही निम्म्यावर येते. तलावाच्या पाळीवरून भरलेली बकेट पुढे धरून खाली उतरताना ब्रेक दाबला तर मागची चाकं नुसती घसरतात. उतारावर भरलेली बकेट नेहमी चढाच्या बाजूला ठेवावी, म्हणजे उतरताना ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये उतरवावा. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर ते टाकलेलं असावं, कारण मग गिअरमधून पुढच्या चाकांचीही पकड मिळते. क्लच दाबून किंवा न्यूट्रलवर उतरणं तर कधीच नको.

१२. ट्रॅक्टर चार चाकांवर उभा दिसतो, तोल तीन ठिकाणांवर असतो

पुढचा एक्सल मधल्या पिनवर डोलतो, म्हणून तर खाचखळग्यात चारही चाकं जमिनीला टेकतात. पण त्यामुळे कडेला कलंडताना पुढची चाकं सुरुवातीला काहीच आधार देत नाहीत. मागची दोन चाकं आणि पुढची ती मधली पिन, एवढाच त्रिकोण ट्रॅक्टरला तोलून धरतो. पुढे हा त्रिकोण निमुळता होत जातो आणि भरलेली बकेट नेमका तिकडेच सगळा भार नेते. वरून बकेट उंच असली की एक चाक पाटात गेलं तरी पुरतं. वळताना वेग दुप्पट झाला तर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो.

यासाठी एकच सवय लावावी: चालताना बकेट गुडघ्याच्या खाली, उंच करायची ती ट्रॉलीपाशी उभं राहूनच. ट्रॅक्टरला रोल-ओव्हर फ्रेम असेल तर सावलीच्या छपरासाठी ती कापू नये आणि सीटबेल्ट लावावा.

१३. उंचावलेल्या बकेटखाली कोणी नाही

होज पाइप फुटला की बकेट खाली यायला क्षणही लागत नाही. जॅकच्या तोंडाशी होज फुटल्यावर ऑइल अडवणारा व्हॉल्व्ह बसवून मिळतो, तो बसवून घ्यावा. ग्रीस भरायला किंवा पिन ठोकायला कोणी खाली जाणार असेल तर बकेट जमिनीवर टेकवून इंजिन बंद करावं. बकेटमध्ये माणूस उभा करून झाडाच्या फांद्या छाटायला किंवा विजेच्या खांबाजवळ न्यायला कोणी सांगितलं तर सरळ नाही म्हणावं, मग तो कितीही जवळचा असो. उचल क्षमतेच्या कोणत्याच आकड्यात माणूस धरलेला नसतो.

१४. धक्क्याचं वजन वेगळं धरा

भरलेली बकेट वेगाने खाली आणून झटक्यात थांबवली, किंवा भरल्या बकेटने बांध ओलांडला, की त्या क्षणापुरता जॅकवर, पिनांवर आणि पुढच्या एक्सलवर मालाच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त भार पडतो. काट्यावरचा आकडा उभ्या ट्रॅक्टरचा असतो. पिन-बुशांना रोज ग्रीस हवं. भुजेच्या वेल्डिंगवर बारीक रेघ दिसली की त्याच दिवशी काम थांबवावं.

१५. घेण्याआधी फॅब्रिकेशनवाल्याकडून हे लिहून घ्या

पिनवरची क्षमता आणि ५०० मिलिमीटर पुढची. दोन्ही जमिनीलगत किती आणि पूर्ण उंचीवर किती. कोणत्या प्रेशरला. बकेटचं रिकामं वजन. फ्रेमसकट लोडरचं वजन. जॅकचं बोअर. मागे किती वजन बांधायला सांगतात. ट्रॅक्टर कंपनीची त्या फ्रेमला मान्यता आहे का, कारण फ्रेमसाठी चेसिसला भोक पाडलं तर वॉरंटीचा प्रश्न येतो. यातल्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं देता आली नाहीत तरी त्याने टेप आणि काटा काढून मोजून द्यावं, एवढा आग्रह धरायला हरकत नाही. ज्याला आपला लोडर पक्का माहीत आहे तो या प्रश्नांनी खूश होतो, असा माझा अनुभव आहे.

१६. आकडे ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर रंगवा

लोडर मालक घेतो, सीटवर बसतो दुसराच. कधी पगारी ड्रायव्हर, कधी भाचा, कधी हंगामापुरता आलेला मुलगा. पत्रक घरात कपाटात राहतं आणि काट्याच्या पावत्या वहीत. म्हणून आमच्या लोडरच्या डाव्या भुजेवर, सीटवरून वाचता येईल असं, पांढऱ्या ऑइलपेंटने लिहून घेतलं आहे: ‘वाळलेलं खत शीग लावून. ओलं खत काठोकाठ. मुरूम, गाळ, वाळू काठाच्या चार बोटं खाली. मागे रोटाव्हेटर नसेल तर फक्त खत.’ बकेटच्या आतल्या बाजूला काठाखाली चार बोटांवर एक आडवी वेल्डिंगची रेघ मारली आहे, कारण रंग मुरमाने महिन्याभरात खरवडून जातो. नवा ड्रायव्हर आला की चावी देण्याआधी त्याला त्या चार ओळी वाचून दाखवायच्या आणि ती रेघ हाताने चाचपायला लावायची.